पैसे कटले, पण मिळाले का? जावातल्या ट्रान्झॅक्शनचा इतिहास, नंदुरबारकडून बघताना

नेट-सेटच्या किंवा पेटच्या तयारीत ‘टू-फेज कमिट’ तुम्ही वाचलं असेलच. समन्वयक विचारतो, ‘तयार आहात का?’ सगळे म्हणतात, ‘हो.’ मग समन्वयक म्हणतो, ‘करा.’ एक आकृती, चार ओळी, उत्तर संपलं. (टू-फेज लॉकिंग ही वेगळी गोष्ट आहे. नावं सारखी असल्यामुळे परीक्षेत हमखास गल्लत होते, तेवढी टाळा.) त्या आकृतीत ‘हो’ आणि ‘करा’ या दोन बाणांच्या मध्ये थोडी मोकळी जागा असते. आज मला त्या मोकळ्या जागेबद्दल लिहायचंय. एंटरप्राइज जावामध्ये ट्रान्झॅक्शनचा जो काही इतिहास घडला, तो मला या जागेचाच इतिहास वाटतो. तिथे कोण अडकतं, आणि अडकलेल्याने किती वेळ थांबायचं, एवढाच प्रश्न आहे. उत्तरं मात्र दर दहा-पंधरा वर्षांनी बदलत गेली.

उदाहरण आमच्या नंदुरबार जिल्ह्यातलं घेऊ. समजा, धडगावच्या बाजारात एक बाई बँकमित्राकडे आली. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये खात्यात जमा झालेत, ते काढायचेत. तिने यंत्रावर अंगठा लावला. यंत्रावरचं चक्र फिरत राहिलं, आणि तेवढ्यात रेंज गेली. बँकमित्र म्हणतो, ‘फेल झालं मावशी, पैसे नाही देता येणार.’ तो खोटं बोलत नाहीये, त्याच्या यंत्राला उत्तरच आलेलं नाही. पण तिकडे खात्यातून १,५०० रुपये वजा झालेत. ‘पैसे कटले पण मिळाले नाहीत’ हे वाक्य सातपुड्यातल्या पाड्यापासून पुण्यातल्या चहाच्या टपरीपर्यंत आज प्रत्येकाला कळतं. डेटाबेसच्या पुस्तकात याच अवस्थेला ‘इन डाउट’ म्हणतात. आपण तिला ‘संशयात असलेला व्यवहार’ म्हणू.

या एका अंगठ्यामागे किती जण आहेत ते मोजा. बँकमित्र ज्या बँकेच्या वतीने बसलाय ती बँक. मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचा, म्हणजे एनपीसीआयचा स्विच. अंगठा त्याच व्यक्तीचा आहे का हे सांगणारं यूआयडीएआय. आणि बाईचं खातं असलेली बँक. चार मालक, चार ठिकाणची कॉम्प्युटर्स. पाचवा सहभागी आकृतीत कधीच काढला जात नाही, तो म्हणजे बँकमित्राचा गल्ला. गल्ल्याला ‘प्रिपेअर’ म्हणता येत नाही. नोटा एकदा हातात पडल्या की रोलबॅक नाही.

नंदुरबारचंच उदाहरण का, तर त्याला कारण आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. आज अंगठ्यावर चालणारी सगळी देवघेव त्या क्रमांकांवर उभी आहे. आणि आधारची यंत्रणा हे भारतातल्या एंटरप्राइज जावाचं एक मोठं उदाहरण आहे. जावा, स्प्रिंग, म्यूल, रॅबिटएमक्यू, मायएसक्यूएल, एचबेस अशी मुख्यतः ओपन सोर्स मंडळी तिथे कामाला लावलेली होती. नोंदणी शिबिरात भरलेला अर्ज एन्क्रिप्ट होऊन पाकिटासारखा डेटा सेंटरला जायचा आणि तिथे एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात, रांगेतून रांगेत सरकायचा. शिबिरातल्या लॅपटॉपपासून क्रमांक मिळेपर्यंत एकच एक अखंड ट्रान्झॅक्शन, असं तिथे काही नव्हतं. प्रत्येक टप्पा आपलं छोटं काम पक्कं करायचा आणि पाकीट पुढे द्यायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. आधी थोडं मागे जाऊ.

आयबीएमचं सीआयसीएस १९६९ मध्ये बाजारात आलं. बँका, विमा कंपन्या, वीज कंपन्यांचे व्यवहार एका मोठ्या मेनफ्रेमवर चालायचे. एकच यंत्र आणि एकच डेटाबेस, त्यामुळे ‘सगळं होईल किंवा काहीच होणार नाही’ हे वचन पाळणं अवघड असलं तरी शक्य होतं. यंत्रं दोन झाली आणि वांधे सुरू झाले. १९७५ मध्ये अक्कोयुनलू, एकनाधम आणि ह्यूबर यांनी एक कोडं मांडलं. दोन टोळ्यांना एकाच वेळी हल्ला करायचाय, पण निरोप्या वाटेत मारला जाऊ शकतो. कितीही निरोप पाठवा, शेवटचा निरोप पोहोचला की नाही याची खात्री तो पाठवणाऱ्याला कधीच मिळत नाही. आपण हे कोडं ‘दोन सेनापती’ म्हणून शिकतो. मूळ निबंधात मात्र सेनापती नव्हते, गुंड होते. सेनापती हे नाव जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये दिलं. आमच्या धडगावच्या यंत्राची रेंज गेली तेव्हा हाच निरोप्या वाटेत मेला होता.

त्याच १९७८ च्या टिपणांत ग्रे यांनी टू-फेज कमिटची मांडणी केली. लॅम्पसन आणि स्टर्जिस यांचंही काम त्याच सुमाराचं. ही पद्धत समजून घ्यायला मला सोयरीक हे उदाहरण सगळ्यात सोपं वाटतं. मध्यस्थ मुलीकडे जातो, मुलाकडे जातो. दोन्हीकडून ‘पसंत आहे’ आलं की तो सांगतो, ‘चला, सुपारी फोडू.’ कोणी एकाने ‘नाही’ म्हटलं तर दोघंही मोकळे. आता बघा, मुलीकडच्यांनी ‘हो’ सांगितलं आणि मध्यस्थाचा फोन बंद झाला. त्यांना दुसरं स्थळ बघता येत नाही, कारण शब्द दिलाय. सुपारी फोडता येत नाही, कारण तिकडचं काय ते माहीत नाही. बसून राहायचं. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर ‘हो’ म्हणताना जी रेकॉर्ड्स लॉक केली ती मध्यस्थ परत येईपर्यंत लॉकच राहतात, आणि त्या रेकॉर्डला हात लावायला आलेला प्रत्येक जण मागे रांगेत उभा राहतो.

हा दोष कुणाच्या लक्षात आला नव्हता असं अजिबात नाही. डेल स्कीन यांनी १९८१ मध्ये न अडकणारी, तीन टप्प्यांची पद्धत सुचवली. १९८५ मध्ये फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी दाखवून दिलं की निरोपाला किती उशीर होईल याची काहीच हमी नसलेल्या नेटवर्कवर, एक जरी यंत्र बंद पडण्याची शक्यता असेल, तर ‘नेहमी ठराविक वेळात एकमत होईलच’ असा कोणताही निश्चित अल्गोरिदम असू शकत नाही. म्हणजे ती मोकळी जागा पूर्ण बुजवता येत नाही, हे गणितानेच सांगितलं. त्यानंतरची सगळी अभियांत्रिकी या जागेत कोणाला बसवायचं यावर चालली आहे, असं माझं वाचन आहे.

जावाच्या आधीचा काळ भराभर सांगतो. बेल लॅब्समध्ये १९८३ च्या सुमारास टक्सिडो नावाचा ट्रान्झॅक्शन मॉनिटर आकाराला आला. डिसेंबर १९९१ मध्ये एक्स/ओपन या संघटनेने एक्सए हे मानक प्रसिद्ध केलं. समन्वयकाने डेटाबेसशी कोणत्या शब्दांत बोलायचं, म्हणजे तयार हो, पक्कं कर, मागे घे, आणि पडझडीनंतर तुझ्याकडे संशयात काय काय आहे ते सांग, हे त्यात ठरलं. पुढे बीईए या कंपनीने १९९६ मध्ये टक्सिडो घेतलं आणि १९९८ मध्ये वेबलॉजिक. मेनफ्रेमकडची विद्या जावाच्या घरात शिरली ती अशा वाटांनी.

१९९८ हे साल आमच्याकडे वेगळ्या कारणाने लक्षात आहे. १ जुलैला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये एंटरप्राइज जावाबीन्सची पहिली आवृत्ती आली. १९९९ मध्ये जावा ट्रान्झॅक्शन एपीआय, म्हणजे जेटीए, आणि डिसेंबरमध्ये जे-टू-ईई १.२. जेटीएमधला ‘एक्सए-रिसोर्स’ हा इंटरफेस म्हणजे १९९१ च्या त्या मानकाचा सरळ जावा अवतार. त्यात नवीन सिद्धांत फारसा नव्हता, नवीन होता तो करार. प्रोग्रामरला सांगितलं गेलं की तू ‘बिगिन’ आणि ‘कमिट’ लिहूच नकोस. एक्सएमएल फाइलमध्ये ‘रिक्वायर्ड’ एवढा शब्द लिही. मेथड सुरू होताना ट्रान्झॅक्शन उघडायचं, त्यात कोणकोणते डेटाबेस आणि कोणत्या मेसेजच्या रांगा सामील झाल्या ते लक्षात ठेवायचं, शेवटी सगळ्यांना विचारायचं आणि निर्णय आपल्या लॉगमध्ये लिहून मगच ‘करा’ म्हणायचं, हे सगळं कंटेनर बघेल.

वाचायला हे फार सुंदर वाटतं, आणि बहुतेक वेळा ते चालतंही. पण सगळ्यांचं ‘हो’ आल्यावर, ‘करा’ म्हणण्याआधी, अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरच बंद पडला तर? डेटाबेस लॉक धरून बसतो. ओरॅकलवर काम केलेल्यांनी ओआरए-०१५९१ ही एरर कधीतरी पाहिली असेल. हे रेकॉर्ड संशयातल्या व्यवहाराने धरून ठेवलंय, असा तिचा अर्थ. मग डीबीए ‘डीबीए-टू-पीसी-पेंडिंग’ हा व्ह्यू उघडतो, अंदाज घेतो आणि हाताने कमिट किंवा रोलबॅक ठोकतो. याला एक्सएच्या भाषेत ‘ह्युरिस्टिक’ निर्णय म्हणतात. शब्द भारदस्त आहे, अर्थ ‘अंदाजपंचे’. आणि अंदाज चुकला, एकीकडे कमिट अन् दुसरीकडे रोलबॅक झालं, तर त्यासाठी जेटीएमध्ये ‘ह्युरिस्टिक-मिक्स्ड-एक्सेप्शन’ आहे. अर्धं झालं, अर्धं नाही झालं, आता तुम्ही बघा, असं सांगणारं एक्सेप्शन! मला या एपीआयमधला हा सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो. बऱ्याच ठिकाणी हे एक्सेप्शन पकडून फक्त लॉगमध्ये छापलेलं दिसतं, ती गोष्ट वेगळी.

म्हणजे या पहिल्या काळात मोकळ्या जागेत कोण बसलं होतं? लॉक धरून बसलेला डेटाबेस, आणि रात्री फोन आल्यावर उठणारा डीबीए. ग्राहकाला बहुतेक वेळा ‘सिस्टीम स्लो आहे’ एवढंच कळायचं.

इथे संशोधनाला निघालेल्या तुम्हा लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात १९८० च्या दशकाच्या मध्यावर संतोष श्रीवास्तव यांच्या गटाने एक प्रकल्प सुरू केला. सी++ मध्ये, ऑब्जेक्ट्स वापरून, वितरित ट्रान्झॅक्शन्स कशी बांधायची यावर. प्रकल्पाचं नाव ‘अर्जुन’. त्यावर पीएचड्या झाल्या, निबंध छापून आले, मग ते जावात गेलं, त्याची कंपनी झाली, ब्लूस्टोन आणि एचपीच्या हातून फिरत २००५ च्या अखेरीस ते जेबॉसकडे आलं. आज त्याच वंशातल्या ट्रान्झॅक्शन मॅनेजरचं नाव आहे ‘नारायण’. अर्जुनाचा पुढे नारायण झाला! विद्यापीठातला कोड वीस-पंचवीस वर्षांनी उद्योगाच्या पोटात धडधडताना दिसतो, अशी उदाहरणं थोडी आहेत. तुमचा गाईड ‘हे कोण वापरणार?’ असं विचारेल तेव्हा हे सांगता येईल. (लगेच मान्य होईल असं नाही.)

२००२ मध्ये रॉड जॉन्सन यांचं जे-टू-ईई रचनेवरचं पुस्तक आलं आणि त्यातल्या कोडमधून स्प्रिंग जन्माला आलं. १.० आवृत्ती मार्च २००४ ची. जॉन्सन यांचा एक मुद्दा साधा होता: बहुतेक वेब अ‍ॅप्लिकेशन्सना एकच डेटाबेस असतो, मग प्रत्येकाने जेटीएचा हत्ती का पोसायचा? स्प्रिंगने ‘प्लॅटफॉर्म ट्रान्झॅक्शन मॅनेजर’ नावाचा एक पातळ पडदा मध्ये घातला. पडद्यामागे साधं जेडीबीसी कनेक्शन ठेवा, हायबरनेट ठेवा, नाहीतर जेटीए ठेवा, वरचा कोड तोच. पुढे ‘ट्रान्झॅक्शनल’ हे अ‍ॅनोटेशन आलं आणि एक्सएमएलही सुटलं.

सोय मोठी झाली, यात वाद नाही. पण माझं मत विचाराल तर इथे एक गोष्ट नजरेआड गेली. जेटीए वापरणाऱ्याला निदान माहीत असायचं की आपण समन्वय करतोय. नुसतं ‘ट्रान्झॅक्शनल’ लिहिणाऱ्याला वाटतं की मेथडमधलं सगळंच त्या छत्रीखाली आलं. प्रत्यक्षात साध्या मांडणीत छत्रीखाली असतो तो एकच डेटाबेस. त्याच मेथडमध्ये तुम्ही दुसऱ्या बँकेच्या वेब सर्व्हिसला हाक मारली, रांगेत मेसेज टाकला, एसएमएस पाठवला, तर ते पावसातच उभं आहे. डेटाबेस रोलबॅक होतो, पाठवलेला एसएमएस परत येत नाही. डेव्ह सायर यांनी २००९ च्या सुरुवातीला स्प्रिंगमधल्या वितरित ट्रान्झॅक्शन्सवर एक लेख लिहिला. त्यात सात पद्धती आहेत, तीन एक्सएसह आणि चार एक्सएशिवाय. एक्सएशिवायच्या पद्धतींत जोखीम कुठे शिल्लक राहते हे त्यांनी स्पष्ट सांगितलंय. विषय पीएचडीसाठी घ्यायचा असेल तर पाठ्यपुस्तकाआधी तो वाचा.

आता खरा प्रश्न. एक्सए इतकं तयार होतं, तर धडगावचा अंगठा आणि चार मालकांची यंत्रणा एक्सएने का नाही बांधली? उत्तरासाठी नवापूरला चला. नवापूरचं रेल्वे स्टेशन महाराष्ट्र-गुजरातच्या सीमेवर आहे आणि सीमा स्टेशनातूनच जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांचं ऑफिस गुजरातमध्ये. प्लॅटफॉर्मवरच्या एका बाकड्याचा अर्धा भाग एका राज्यात, अर्धा दुसऱ्या. लोक तिथे फोटो काढतात. पण गाड्या सुरळीत चालतात, कारण राज्यं दोन असली तरी रेल्वे एकच आहे. खिडकीतला बाबू आणि स्टेशन मास्तर दोघांचा साहेब पश्चिम रेल्वेच. एक्सए ही नवापूर स्टेशनसारखी व्यवस्था आहे. सीमा कितीही असू देत, पण सगळ्यांवर एकाच समन्वयकाचा हुकूम चालला पाहिजे. ‘मी परत येईपर्यंत रेकॉर्ड लॉक ठेव’ असं सांगण्याचा त्याला अधिकार हवा.

एक बँक दुसऱ्या बँकेच्या बंद पडलेल्या सर्व्हरसाठी आपल्या ग्राहकाचं खातं लॉक ठेवेल? कशाला ठेवेल? तांत्रिक अडचण नंतरची, आधी हा मालकीचा प्रश्न आहे. टू-फेज कमिटमध्ये ‘हो’ म्हणणं म्हणजे आपला अधिकार काही काळ दुसऱ्याकडे गहाण टाकणं. एका कंपनीच्या आत हे जमतं, वेगवेगळ्या संस्थांमध्ये नाही. हे सगळ्यात नेमकं लिहिलं पॅट हेलंड यांनी, २००७ मध्ये, ‘लाइफ बियाँड डिस्ट्रिब्युटेड ट्रान्झॅक्शन्स’ या निबंधात. गंमत म्हणजे हेलंड यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये वितरित ट्रान्झॅक्शनची यंत्रणा बांधण्यात स्वतः भाग घेतला होता. निबंधाच्या उपशीर्षकात त्यांनी स्वतःला धर्म सोडलेला माणूस म्हटलंय.

पर्याय मात्र २० वर्षं आधीच छापून झाला होता. १९८७ मध्ये हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी ‘सागा’ ही कल्पना मांडली. मोठ्या व्यवहाराचे छोटे तुकडे करा, प्रत्येक तुकडा लगेच पक्का करा, आणि प्रत्येकासाठी एक उलटा तुकडा लिहून ठेवा. मध्येच बिघडलं तर उलटे तुकडे चालवत मागे या. या उलट्या तुकड्याला त्यांनी ‘कॉम्पेन्सेटिंग ट्रान्झॅक्शन’ म्हटलं. आज मायक्रोसर्व्हिसेसवरच्या प्रत्येक व्याख्यानात सागा असतो, पण मूळ निबंध मायक्रोसर्व्हिसेसबद्दल नाहीच. तासन्‌तास चालणारे व्यवहार एकाच डेटाबेसला अडवून ठेवतात, त्यावरचा तो उपाय होता. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये मूळ निबंध उघडून बघायचा तो यासाठी. नाहीतर आपण वक्त्यांच्या स्लाइड्सचा इतिहास लिहून बसतो.

आणि योगायोग बघा, त्याच १९८७ मध्ये आयएसओ ८५८३ हे मानक प्रसिद्ध झालं. कार्ड आणि एटीएमच्या जगातले मेसेज त्याच्या साच्यात असतात. त्यात ०२०० म्हणजे पैशाची विनंती, ०२१० म्हणजे उत्तर. उत्तर आलंच नाही तर ०४२० जातो, म्हणजे मघाचं जे काय झालं असेल ते उलटं करा. तो पोहोचेपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवायचा असतो. सागाची कल्पना प्रिन्स्टनमध्ये कागदावर उतरत होती तेव्हा बँकांच्या तंत्रज्ञांनी, ते नाव न घेता, तेच मानकात बसवलेलं होतं. हे पुन्हा पुन्हा पाठवणं सुरक्षित राहावं म्हणून प्रत्येक व्यवहाराला एक खूण लागते. पावतीवर ‘आरआरएन’ म्हणून बारा अंकी नंबर छापलेला असतो ना, तीच. तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर पैसे दुसऱ्यांदा परत करायचे नाहीत, आधीचंच उत्तर द्यायचं.

क्रमही याच कारणाने ठरलाय. आधी खात्यातून वजा, मग हातात नोटा. उलटं का नाही? ग्रे यांनी १९८१ मध्ये काही कृतींना ‘रिअल’ म्हटलं होतं, एकदा केल्या की परत न घेता येणाऱ्या. नोटा देणं ही तशी कृती. सागामध्ये अशी कृती सगळ्यात शेवटी ठेवावी लागते, ज्या पायऱ्या उलट्या करता येतात त्या सगळ्या आधी. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबरच आहे. पण याचा अर्थ असाही होतो की मधेच काही तुटलं तर पैसे नेहमी ग्राहकाकडून गेलेले असतात, बँकेकडून नाही.

टू-फेज कमिटमध्ये मोकळ्या जागेत डेटाबेस बसायचा. सागामध्ये लॉक नाही, डेटाबेस मोकळा, सिस्टीम वेगवान. पण अर्धवट अवस्था सगळ्यांना उघडी दिसते. पुस्तकात याला ‘आयसोलेशन गमावणं’ म्हणतात. धडगावला तिचं नाव आहे, हातात पिशवी घेऊन किराणा दुकानासमोर उभी राहिलेली बाई.

मग तिने किती वेळ थांबायचं? याचं उत्तर कोणत्याही जावा फ्रेमवर्कमध्ये सापडणार नाही. ते रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात आहे. अंगठ्याने पैसे काढताना खात्यातून रक्कम गेली पण यंत्रावर खात्रीचा निरोप आला नाही, तर यंत्र ज्या बँकेचं आहे तिने व्यवहाराचा दिवस अधिक ५ दिवस एवढ्या मुदतीत रक्कम परत करण्याची प्रक्रिया सुरू करायची. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न बघता. एटीएममधून नोटा न निघाल्यास हाच नियम. यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे अडकले तर मुदत १ दिवसाची. १५ ऑक्टोबर २०१९ पासून हे लागू झालं. मला हे परिपत्रक संगणकशास्त्राचा दस्तऐवज म्हणून वाचायला आवडतं. संशयातल्या अवस्थेला त्याने टाइमआउट दिलाय, उलटा तुकडा कोणी चालवायचा ते नाव घेऊन सांगितलंय, आणि आयसोलेशन गमावण्याला किंमत लावलीय. जेटीएच्या स्पेसिफिकेशनमध्ये ही तिसरी गोष्ट कधीच नव्हती.

किंमत पुरेशी आहे का, यावर वाद घाला. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी २९७ रुपये होती, आणि १०० रुपये सुरू होतात ते मुदत उलटल्यानंतर. पहिल्या ५ दिवसांची किंमत शून्य आहे. आमच्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. पैसे पाचव्या दिवशी खात्यात परत आले तेव्हा माणूस गावात असेलच असं नाही. सर्व्हरच्या दृष्टीने सागा यशस्वी पूर्ण झालेला असतो.

या विषयात संशोधनाला जागा आहे का, असं मला नेहमी विचारलं जातं. आहे, पण नवा कमिट प्रोटोकॉल शोधण्यात मला ती फारशी दिसत नाही. जागा आहे ती अशी: मोठ्या जावा कोडबेसमध्ये ‘ट्रान्झॅक्शनल’च्या छत्रीबाहेर उभ्या असलेल्या कृती आपोआप शोधता येतील का? लिहिलेला उलटा तुकडा खरंच मूळ तुकड्याचा उलटा आहे, हे तपासता येईल का? खात्याची जमा वाढवणं हे वजाबाकीचं उलट आहे, पण मध्ये कमी शिल्लक म्हणून दंड कापला गेला असेल तर तो कोण उलटवणार? स्टॅटिक अ‍ॅनालिसिस किंवा फॉर्मल व्हेरिफिकेशन ज्यांना आवडतं त्यांनी इथे बघावं. सुरुवात ग्रे १९८१, गार्सिया-मोलिना १९८७, हेलंड २००७ या क्रमाने करा. तिन्ही मिळून फार पानं नाहीत. रविवारच्या एका दुपारी होतात.

आणि वाचून झालं की हाताशी असलेला एखादा चालू जावा प्रोजेक्ट उघडून ऑर्डर किंवा पेमेंटचं टेबल बघा. हल्ली त्यात ‘स्टेटस’ नावाचा कॉलम असतो आणि त्यात ‘पेंडिंग’ ही एक किंमत असते. जी अवस्था पूर्वी कंटेनरच्या लॉगमध्ये लपलेली असायची आणि फक्त डीबीएला दिसायची, ती आता धंद्याच्या टेबलात उघड लिहिली जाते. स्मार्टफोन असलेल्याला ती स्क्रीनवर ‘प्रोसेसिंग’ म्हणून दिसते. अंगठा लावून पैसे काढणाऱ्याला ती अजून कुठेच दिसत नाही. त्याच्याकडे पावती असलीच तर तो बारा अंकी नंबर असतो, आणि पासबुक भरून घ्यायला पुन्हा तालुक्याच्या गावी यावं लागतं.